सुरुवातीचे हॉलिवूड गुन्हेगारीपट : वैविध्य आणि प्रतिनिधित्व

प्रस्तावना

या पाठात आपण साधारण १९०६ ते १९४१ या काळातील अमेरिकी गुन्हेगारीपटांचा विचार करणार आहोत. चोर, टोळीवाले, तस्कर, तुरुंगातील कैदी आणि त्यांच्या मागावर असलेले पोलीस किंवा गुप्तहेर ज्या चित्रपटांच्या केंद्रस्थानी असतात, त्यांना येथे 'गुन्हेगारीपट' म्हटले आहे. हा पाठ मुक्त निवड विषय म्हणून चित्रपट-अभ्यास घेणाऱ्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. चित्रपटशास्त्राची आधीची ओळख असण्याची गरज नाही.

गुन्हेगारीपटच का निवडायचा? कारण हा प्रकार समाजाला एक थेट प्रश्न विचारतो : आपल्याला भीती कोणाची वाटते? गुन्हेगार म्हणून कोणाचा चेहरा प्रेक्षकांना पटकन पटतो, कोणाचे नाव ऐकताच संशय येतो आणि कोणाला पोलिसाचा बिल्ला शोभतो, याची उत्तरे हे चित्रपट नकळत देऊन जातात. ती उत्तरे पडद्यापुरती राहत नाहीत. त्यांचा परिणाम लोकांच्या रोजगारावर, कायद्यांवर आणि शेजाऱ्याकडे पाहण्याच्या नजरेवर होतो.

पाठाच्या शेवटी विद्यार्थ्याला तीन गोष्टी करता याव्यात. एक, वैविध्य आणि प्रतिनिधित्व यांतील फरक सांगता यावा. दोन, त्या काळातील प्रमुख चित्रपटांची उदाहरणे देता यावीत. तीन, कोणताही जुना चित्रपट पाहताना ठरावीक प्रश्न विचारून त्याचे विश्लेषण करता यावे.

१. दोन संकल्पना आणि चार प्रश्न

वैविध्य म्हणजे वेगवेगळ्या गटांतील माणसे पडद्यावर असणे. ही मोजता येणारी गोष्ट आहे. प्रतिनिधित्व म्हणजे ती माणसे कशी दाखवली आहेत, हे पाहणे. एखाद्या चित्रपटात दहा चिनी पात्रे असतील आणि ती सगळी अफूच्या अड्ड्यावर बसलेली असतील, तर तेथे वैविध्य आहे. पण प्रतिनिधित्व एकांगी आहे. संख्याशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल. नमुना मोठा असला तरी तो एकाच कोपऱ्यातून उचललेला असेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

म्हणून प्रत्येक चित्रपटाला आपण चार प्रश्न विचारू.

क) पडद्यावर कोण दिसते आणि कोण अजिबात दिसत नाही?
ख) कथेत निर्णय कोण घेते? कोणाच्या कृतीमुळे कथा पुढे सरकते?
ग) ती भूमिका प्रत्यक्षात कोण करते? पात्र आणि कलावंत एकाच समाजातील आहेत का?
घ) पडद्यामागे लेखणी, पैसा आणि परवानगी कोणाच्या हातात आहे?

पुढील प्रत्येक भागात यांपैकी एक किंवा अधिक प्रश्न लागू केले आहेत.

२. पार्श्वभूमी : स्थलांतर, शहरे आणि दारूबंदी

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून अधिक लोक अमेरिकेत स्थलांतरित झाले. इटली, रशिया, पोलंड, ऑस्ट्रिया-हंगेरी येथून आलेल्या या लोकांनी न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतील दाट वस्त्या भरून गेल्या. त्यांच्याविषयीचा संशयही वाढत गेला. चिनी मजुरांना रोखणारा कायदा १८८२ मध्येच झाला होता. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या एकदम कमी केली आणि आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले.

याच काळात चित्रपट हे गरिबांचे करमणुकीचे साधन बनले. पाच सेंटचे नाणे देऊन छोट्या चित्रपटगृहात बसणाऱ्यांत स्थलांतरित कामगार मोठ्या संख्येने असत. मूकपटाला इंग्रजी फारसे यावे लागत नसे. म्हणजे ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला जात होता, तेच लोक तिकीट काढून आपली प्रतिमा पाहत होते. पुढे १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने बेकायदा दारूचा प्रचंड व्यापार उभा केला. वर्तमानपत्रांना टोळीयुद्धाच्या बातम्या मिळाल्या आणि हॉलिवूडला कथा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा व्यवसाय आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. तो १९५२ पर्यंत टिकला. त्यामुळे राज्यांची सेन्सॉर मंडळे, परदेशी सरकारे आणि संघटित गट चित्रपटांवर दबाव आणू शकत होते. कोणाचा दबाव चालतो आणि कोणाचा चालत नाही, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

३. मूकपटांचा काळ : गरिबी की वंश?

१९०६ मध्ये बायोग्राफ कंपनीने 'द ब्लॅक हँड' हा छोटा मूकपट काढला. न्यूयॉर्कमधील एका इटालियन खाटकाला खंडणीची चिठ्ठी येते आणि त्याच्या मुलीला पळवले जाते. चिठ्ठीतील इंग्रजी मोडकेतोडके आहे. येथे गुन्हेगार इटालियन आहे आणि गुन्ह्याचा बळीही इटालियन आहे. मात्र त्यानंतरच्या वर्षांत प्रेक्षकांच्या मनात ठसला तो गुन्हेगार; बळी विसरला गेला.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द मस्केटिअर्स ऑफ पिग ॲली' (१९१२) आणि राऊल वॉल्श यांचा 'रिजनरेशन' (१९१५) हे दोन चित्रपट वेगळी वाट धरतात. त्यांत गरीब वस्ती, अनाथपण, बेकारी आणि भ्रष्ट व्यवस्था ही गुन्ह्याची कारणे म्हणून दिसतात. 'रिजनरेशन' ओवेन किल्डेर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेला होता. म्हणजे वस्तीत वाढलेल्या माणसाचा स्वतःचा अनुभव त्यामागे होता. गुन्ह्याचे कारण परिस्थितीत शोधायचे की रक्तात, हा वाद तेव्हापासून या चित्रपटप्रकारात चालत आलेला आहे.

'द चीट' : एक महत्त्वाचे उदाहरण

सेसिल बी. डमिल यांचा 'द चीट' डिसेंबर १९१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात तोरी नावाचा श्रीमंत जपानी व्यापारी एका गोऱ्या स्त्रीला पैसे उसने देतो आणि ती शब्द फिरवते तेव्हा तिच्या खांद्यावर तापलेल्या शिक्क्याचा डाग देतो. ही भूमिका जपानमध्ये जन्मलेल्या सेस्स्यू हायाकावा यांनी केली. ते रातोरात मोठे नट झाले. त्याच वेळी लॉस एंजेलिसमधील जपानी समाजाने आणि तेथील 'राफू शिंपो' या वृत्तपत्राने चित्रपटाचा कडक निषेध केला.

१९१८ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा एक बदल केलेला होता. तोरी आता जपानी राहिला नव्हता. तो ब्रह्मदेशचा हस्तिदंताचा व्यापारी झाला होता. दृश्ये तीच, नट तोच, पोशाख आणि घरही तेच. बदलल्या त्या फक्त मधल्या अक्षरपाट्या.

असे का झाले? पहिल्या महायुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूने होता, त्यामुळे त्याला दुखावणे परवडणारे नव्हते. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. त्याचा स्वतःचा दूतावास नव्हता आणि हॉलिवूडच्या दारात निषेध नोंदवणारा ब्रह्मी समाजही तेथे नव्हता. अपमानकारक प्रतिमा काढून टाकली गेली नाही. ती फक्त ज्याचा आवाज ऐकू येणार नाही अशा समाजाच्या नावावर चढवली गेली. वरील चार प्रश्नांतील शेवटचा प्रश्न का महत्त्वाचा आहे, हे या एका उदाहरणावरून समजते.

याउलट मेक्सिकोचे उदाहरण पाहा. अमेरिकी मूकपटांत मेक्सिकन माणूस हा दरोडेखोर, असे समीकरण झाले होते. त्याला दिलेले एक हिणकस नाव तर चित्रपटांच्या शीर्षकांतही येत असे. १९२२ मध्ये मेक्सिको सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी घातली. तिकीटबारीवर परिणाम होईल असे दिसताच कंपन्या नमत्या झाल्या. अर्थात पुष्कळदा त्यांनी खलनायक तसाच ठेवला आणि त्याचा देश तेवढा काल्पनिक केला.

४. टोळीपटांची लाट : १९३१-३२

योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'अंडरवर्ल्ड' (१९२७) या मूकपटाने टोळीच्या म्होरक्याला नायक बनवले. पूर्ण संवाद असलेला पहिला लांबीचा बोलपट 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क' (१९२८) हाही गुन्हेगारीपटच होता. आवाज आल्यामुळे बोलण्याची ढब हे पात्राची ओळख करून देण्याचे नवे साधन मिळाले. कोण कोठून आला आहे, हे आता एका वाक्यात कळू लागले. पुढील तीन चित्रपटांनी टोळीपटाचा साचा पक्का केला.

'लिटल सीझर' (१९३१) मध्ये रिको हा छोटा चोर टोळीचा प्रमुख होतो आणि रस्त्यावर मरतो. 'द पब्लिक एनिमी' (१९३१) मध्ये टॉम पॉवर्स या आयरिश वंशाच्या मुलाची बालपणापासूनची कथा आहे. आपला हेतू गुन्हेगाराचा गौरव करण्याचा नसून एक सामाजिक परिस्थिती दाखवण्याचा आहे, असे निवेदन या चित्रपटाच्या आरंभी आहे. 'स्कारफेस' (१९३२) मधील टोनी कमोंटे हे पात्र उघडपणे अल कपोनवर बेतलेले आहे.

या भूमिका कोणी केल्या ते पाहण्यासारखे आहे. रिको झालेले एडवर्ड जी. रॉबिन्सन हे बुखारेस्टमध्ये जन्मलेले ज्यू होते. टोनी कमोंटे झालेले पॉल म्युनी हेही ज्यू. त्यांचा जन्म तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील लेम्बर्ग शहरात झाला आणि ते यिडिश रंगभूमीवर तयार झाले. आयरिश वंशाची भूमिका करणारे जेम्स कॅग्नी मात्र स्वतः न्यूयॉर्कच्या तशाच वस्तीत वाढले होते. त्यांच्या चालण्याबोलण्यातील अस्सलपणाचे हे एक कारण मानले जाते. स्टुडिओंचे बहुतेक मालकही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील होते. वॉर्नर बंधूंचे कुटुंब पोलंडमधून आले होते. तरीही उघडपणे ज्यू म्हणून ओळखला जाणारा टोळीप्रमुख या चित्रपटांत क्वचितच दिसतो. वास्तवात आर्नल्ड रॉथस्टीन यांचे नाव वर्तमानपत्रांत गाजले होते. 'द पब्लिक एनिमी' मध्ये नेल्स नेथन हे पात्र आहे. त्याच्या नावावरून जाणकाराला काय ते कळावे, चित्रपट स्वतः काही बोलत नाही. आपल्या समाजाविषयीचा द्वेष वाढू नये ही मालकांची काळजी समजण्यासारखी आहे. मात्र ही काळजी इटालियन समाजाच्या वाट्याला आली नाही.

'स्कारफेस' मधील वाढवलेला प्रसंग

सेन्सॉरच्या दबावामुळे 'स्कारफेस' ला राष्ट्राची लाज अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले गेले आणि एक नवा प्रसंग चित्रित झाला. तो हॉवर्ड हॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला नाही. या प्रसंगात एका वृत्तपत्र-मालकाच्या कचेरीत काही प्रतिष्ठित नागरिक तक्रार घेऊन येतात. मालक त्यांना कडक कायद्यांची मागणी करायला सांगतो. या गुंडांतील निम्मे तर नागरिकही नाहीत, त्यांना देशाबाहेर काढण्याचा कायदा कडक करा, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्यावर तेथे बसलेला एक इटालियन गृहस्थ, हे लोक आमच्या समाजाला काळिमा फासतात, अशा अर्थाची कबुली देतो.

वरवर पाहता हे संतुलन वाटते : वाईट इटालियन आहेत तसा एक चांगला इटालियनही दाखवला. पण प्रसंग नीट पाहिला तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, या चांगल्या माणसाला एवढ्याचसाठी आणले आहे की त्याने स्वतःच्या समाजाच्या वतीने शरम व्यक्त करावी. आयरिश किंवा इंग्रज वंशाच्या कोणालाही तेथे अशी कबुली द्यावी लागत नाही. दुसरी गोष्ट वस्तुस्थितीची. ज्याच्यावर चित्रपट बेतला तो अल कपोन १८९९ मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मला. तो जन्माने अमेरिकी नागरिक होता. देशाबाहेर काढण्याचा उपाय त्याला लागूच पडत नव्हता. गुन्हा अमेरिकी शहरात, अमेरिकी कायद्याने निर्माण केलेल्या काळ्या बाजारात वाढला. चित्रपटाने तो बोटीतून उतरलेल्या माणसाच्या गाठोड्यात शोधला.

५. आशियाई पात्रे : दोन टोके

आशियाई पात्रांसाठी हॉलिवूडने दोन साचे तयार केले. पहिला फू मांचू. इंग्रज लेखक सॅक्स रोमर यांनी १९१३ च्या कादंबरीपासून हा जग जिंकू पाहणारा चिनी खलनायक लोकप्रिय केला. दुसरा चार्ली चॅन. अर्ल डेर बिगर्स यांनी १९२५ मध्ये हा शांत, विनोदी, हुशार चिनी-अमेरिकन पोलीस अधिकारी निर्माण केला. त्यामागे होनोलुलूचे खरेखुरे पोलीस गुप्तहेर चँग अपाना यांची प्रेरणा होती. एक टोक भीतीचे, दुसरे टोक निरुपद्रवी कौतुकाचे. मधला साधा माणूस दोन्हींत नाही.

मौजेची गोष्ट अशी की ही दोन्ही टोके काही काळ एकाच नटाने सांभाळली. स्वीडनमध्ये जन्मलेले वॉर्नर ओलंड १९२९ पासून फू मांचू झाले आणि १९३१ पासून चार्ली चॅन. चॅनच्या भूमिकेत त्यांनी १६ चित्रपट केले. त्यांच्याआधी १९२६ आणि १९२७ मध्ये ही भूमिका दोन जपानी नटांनी केली होती, पण तेव्हा चॅन हे दुय्यम पात्र होते. पात्र नायकपदाला पोचले तेव्हा गोरा नट आला.

खालील तक्त्यावरून तिसऱ्या प्रश्नाचे चित्र स्पष्ट होईल.

| चित्रपट | पात्र | कलावंत |
|---|---|---|
| आउटसाइड द लॉ (१९२०) | आ विंग, चिनी | लॉन चेनी, गोरे अमेरिकन |
| लिटल सीझर (१९३१) | रिको, इटालियन-अमेरिकन | एडवर्ड जी. रॉबिन्सन, रुमानियात जन्म |
| चार्ली चॅन कॅरीज ऑन (१९३१) | चॅन, चिनी-अमेरिकन | वॉर्नर ओलंड, स्वीडनमध्ये जन्म |
| थर्टीन वुमेन (१९३२) | उर्सुला, अर्धी भारतीय | मर्ना लॉय, मोंटाना राज्यात जन्म |
| द मास्क ऑफ फू मांचू (१९३२) | फू मांचू, चिनी | बोरिस कार्लोफ, इंग्लंडमध्ये जन्म |
| डॉटर ऑफ शांघाय (१९३७) | लान यिंग आणि किम ली, चिनी-अमेरिकन | ॲना मे वाँग आणि फिलिप आन |

कोणी म्हणेल, रॉबिन्सन इटालियन नव्हते आणि ओलंड चिनी नव्हते, मग फरक काय? फरक मार्ग खुला असण्याचा आहे. रॉबिन्सन उद्या इंग्रज डॉक्टर किंवा अमेरिकन वकील होऊ शकत होते. ॲना मे वाँग गोऱ्या स्त्रीची भूमिका करू शकत नव्हत्या. आणि चिनी स्त्रीची प्रमुख भूमिकाही त्यांना मिळेलच असे नव्हते.

१९०५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या वाँग यांची कारकीर्द हे यंत्र कसे चालते ते दाखवते. १९३१ च्या 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' मध्ये मुख्य भूमिका त्यांची होती, पण थोडा वेळ दिसणाऱ्या ओलंड यांना १२,००० डॉलर आणि त्यांना ६,००० डॉलर मिळाले. १९३७ च्या 'द गुड अर्थ' या चिनी शेतकऱ्यांवरील चित्रपटात (हा गुन्हेगारीपट नव्हे) शेतकऱ्याची भूमिका पॉल म्युनी यांना दिली गेली. मग त्याची बायको गोरीच हवी, कारण भिन्न वंशांच्या नटनट्यांमध्ये पती-पत्नीचे नाते दाखवणे स्टुडिओ टाळत. ती भूमिका लुइझ रायनर यांना मिळाली. वाँग यांना मोहात पाडणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका देऊ केली गेली. ती त्यांनी नाकारली. येथे साखळी पाहा : नायक गोरा, म्हणून नायिका गोरी, म्हणून चिनी नटीला खलभूमिका, म्हणून चिनी स्त्री म्हणजे खलनायिका ही समजूत, म्हणून पुढच्या चित्रपटातही तेच.

साखळी तुटू शकत होती याचाही पुरावा आहे. रॉबर्ट फ्लोरी यांच्या 'डॉटर ऑफ शांघाय' मध्ये माणसांची तस्करी करणाऱ्या टोळीने वडिलांचा खून केल्यावर मुलगी स्वतः त्या टोळीचा माग काढते. तिला साथ देणारा सरकारी अधिकारीही चिनी-अमेरिकन आहे. दोघे आशियाई, दोघे नायक आणि शेवटी लग्न ठरवणारेही. फिलिप आन स्वतः कोरियन वंशाचे होते, ही मर्यादा मान्य करूनही १९३७ साली हे मोठे पाऊल होते. हा कमी खर्चाचा, छोटा चित्रपट होता. स्टुडिओचे लक्ष आणि जोखीम कमी असते तेथे अशी फट सापडते. तसेच 'फँटम ऑफ चायनाटाउन' (१९४०) चे. त्या मालिकेतील चिनी गुप्तहेर आधीच्या पाच चित्रपटांत बोरिस कार्लोफ यांनी रंगवला होता. या चित्रपटात तो चिनी वंशाच्या की ल्यूक यांनी केला.

६. 'थर्टीन वुमेन' आणि भारतीय चेहरा

भारतीय विद्यार्थ्यांनी १९३२ चा 'थर्टीन वुमेन' आवर्जून पाहावा. उर्सुला जॉर्जी या मिश्र वंशाच्या तरुणीला शाळेतील गोऱ्या मुलींनी आपल्या मंडळातून वगळलेले असते. मोठी झाल्यावर ती एका स्वामीच्या मदतीने त्या सगळ्यांचा एकेक करून सूड घेते. तिच्या वंशाविषयी चित्रपटातील पोलीस अधिकारी हिंदू, जावाची, कोण जाणे, अशा बेफिकिरीने बोलतो. ज्या चित्रपटाचा आधारच तिचा वंश आहे, त्याला तो नेमका कोणता हे जाणून घेण्याची गरज वाटत नाही.

तरी शेवटाकडे उर्सुलाला आपली बाजू मांडायला मिळते. आपल्याला गोऱ्या समाजात शिरता आले नाही, हा तिचा राग खरा आहे आणि मर्ना लॉय तो प्रामाणिकपणे मांडतात. चित्रपट तिला शिक्षा देतो, पण तिच्यावर झालेल्या अन्यायाला उत्तर देत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. साचेबंद चित्रपटातही एखादा संवाद त्या साच्याला तडा देऊ शकतो.

बोरिस कार्लोफ यांच्या पूर्वजांत भारतीय होते, ही माहितीही येथे जोडावी लागेल. आणि मुंबईत १९११ मध्ये जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन यांनी हॉलिवूडमध्ये आपली आशियाई बाजू लपवली. त्यांचा जन्म टास्मानियात झाल्याचे सांगितले जाई. हॉलिवूडमध्ये वैविध्य नव्हते असे नाही. पुष्कळदा ते लपवावे लागत होते.

७. कृष्णवर्णीय : स्टुडिओच्या आत आणि बाहेर

ग्रिफिथ यांच्या १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' विरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी देशभर निदर्शने केली. त्यानंतर मोठ्या स्टुडिओंनी कृष्णवर्णीय पात्राला नोकर, हमाल किंवा भित्रा विनोदवीर एवढ्याच जागा ठेवल्या. 'चार्ली चॅन इन इजिप्त' (१९३५) मध्ये स्टेपिन फेचिट यांना दिलेली भूमिका त्याच जातीची आहे. एका साच्यातून सुटलेले चिनी पात्र चतुर वाटावे म्हणून दुसऱ्या साच्यातील कृष्णवर्णीय पात्र बावळट केले जाते.

अपवाद म्हणून 'आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' (१९३२) पाहावा. साखळदंडात काम करणाऱ्या कैद्यांमध्ये गोरे आणि काळे दोन्ही आहेत. नायकाच्या पायातील बेडी घणाच्या घावांनी वाकवून त्याला पळून जायला मदत करतो तो एक कृष्णवर्णीय कैदी. तो स्वतः मात्र मागेच राहतो आणि कथा गोऱ्या नायकामागे निघून जाते. दुसरा प्रश्न येथे लावून पाहा.

स्टुडिओंच्या बाहेर मात्र वेगळेच विश्व होते. ऑस्कर मिशो यांनी स्वतः पैसे उभे करून, स्वतः गावोगाव फिरून कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चित्रपट काढले. त्यांच्या 'बॉडी अँड सोल' (१९२५) मध्ये पॉल रोबसन यांनी दुहेरी भूमिका केली : धर्मोपदेशकाचे सोंग घेतलेला पळपुटा गुन्हेगार आणि एक सज्जन तरुण. एकाच समाजात दोन्ही प्रकारची माणसे असतात, ही साधी गोष्ट त्यातून दिसते. १९३७ च्या 'डार्क मॅनहॅटन' मध्ये राल्फ कूपर यांनी हार्लेममधील आकड्यांच्या जुगारावर टोळीपट केला. टोळीप्रमुख, त्याची प्रेयसी, प्रतिस्पर्धी सगळे कृष्णवर्णीय. कोणी विचारेल, गुन्हेगार म्हणून दाखवण्यात कसला सन्मान? पण जेथे सगळ्याच भूमिका तुमच्या समाजाच्या असतात, तेथे एका पात्राचा गुन्हा त्या माणसाचा राहतो. तो समाजाचा होत नाही.

८. स्त्रिया

टोळीपटातील स्त्री बहुधा आई, प्रेयसी किंवा मार खाणारी. 'द पब्लिक एनिमी' मध्ये कॅग्नी मे क्लार्कच्या तोंडावर अर्धे ग्रेपफ्रूट चिरडतात, ते दृश्य प्रसिद्ध आहे. पण १९३३ च्या 'ब्लॉन्डी जॉन्सन' मध्ये जोन ब्लॉन्डेल यांनी गरिबीतून वर आलेली टोळीची प्रमुख साकारली. पडद्यामागे पाहिले तर तुरुंगातील पुरुषांवरचा गाजलेला 'द बिग हाउस' (१९३०) फ्रान्सिस मॅरियन यांनी लिहिला आणि त्यासाठी त्यांना लेखनाचा ऑस्कर मिळाला. लेखनाचा ऑस्कर मिळवणारी ही पहिली स्त्री. या स्त्रिया जवळजवळ सर्व गोऱ्या होत्या, हेही नोंदवायला हवे.

९. आचारसंहिता : अपमान गेला की माणसेच गेली?

१९३० मध्ये स्वीकारलेली चित्रपटांची आचारसंहिता १ जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत कडकपणे लागू झाली. इतर राष्ट्रांचे नागरिक न्याय्य रीतीने दाखवावेत असे तिच्यात म्हटले होते. त्याच संहितेत गोरे आणि काळे यांच्यातील शरीरसंबंध दाखवण्यास मनाई होती. एका हाताने सन्मान आणि दुसऱ्या हाताने भिंत.

परिणामही दुहेरी झाला. टोळीवाल्यांची इटालियन नावे कमी झाली. 'जी मेन' (१९३५) मध्ये कॅग्नीच सरकारी अधिकारी झाले. 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' (१९३८) मध्ये गुंड आणि धर्मगुरू हे दोन्ही आयरिश वंशाचे बालमित्र आहेत. एका समाजाला इतके पैलू मिळाले. इतरांना मात्र खलनायकाची जागा गेल्यावर नायकाची मिळाली नाही. त्यांना काहीच मिळाले नाही. अपमानकारक प्रतिमा काढणे आणि न्याय्य प्रतिमा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. आचारसंहितेने अर्धवट पहिले केले.

१०. भारतातून पाहताना

१९२० च्या दशकात भारतात दाखवले जाणारे बहुतेक परदेशी चित्रपट अमेरिकी होते. १९२७-२८ मध्ये सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट समिती नेमली. त्यामागची एक चिंता अशी होती की अमेरिकी चित्रपटांतील गोरे चोर, गोऱ्या नर्तकी आणि त्यांचे वर्तन पाहून भारतीयांच्या मनातील गोऱ्यांचा दरारा कमी होईल. म्हणजे प्रतिनिधित्वाची ताकद राज्यकर्त्यांना नीट ठाऊक होती. स्वतःच्या प्रतिमेची काळजी घेताना त्यांना ब्रह्मी व्यापाऱ्याच्या प्रतिमेची काळजी घ्यावीशी वाटली नाही.

समारोप

या विषयावर वर्गात हमखास येणारा प्रश्न असा : तो काळच तसा होता, आज आपण त्याला का दोष द्यायचा? उत्तर या पाठातच आहे. 'द चीट' ला विरोध १९१५ मध्येच झाला. 'द बर्थ ऑफ अ नेशन' विरुद्धची निदर्शने त्याच वर्षीची. मेक्सिकोची बंदी १९२२ ची. 'द मास्क ऑफ फू मांचू' बद्दल चीनच्या वकिलातीने तक्रार केली. मिशो यांनी स्वतःचे चित्रपट काढले, वाँग यांनी भूमिका नाकारली. त्या काळात हे चुकीचे आहे असे म्हणणारे लोक होते. त्यांचे ऐकणारे कमी होते. 'काळच तसा होता' असे म्हणताना आपण त्या लोकांना त्या काळातून वगळतो.

दुसऱ्या बाजूला, हे चित्रपट पाहूच नयेत असेही नाही. 'स्कारफेस' ची गती, कॅग्नी यांचा अभिनय, 'चेन गँग' चा संताप आजही खरा वाटतो. चांगला अभ्यासक चित्रपटाची कारागिरी आणि त्याचा अन्याय दोन्ही एकाच वहीत लिहितो. आजच्या गुन्हेगारी मालिकांत संशयिताचे आडनाव, बोली किंवा गाव कसे निवडले जाते, हे पाहताना हेच चार प्रश्न उपयोगी पडतील.

स्वाध्याय

१. वैविध्य आणि प्रतिनिधित्व यांतील फरक दोन चित्रपटांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'द चीट' मधील पात्राचे राष्ट्रीयत्व १९१८ मध्ये का बदलले? या बदलाने प्रश्न सुटला का?
३. 'स्कारफेस' मधील वाढवलेल्या प्रसंगामुळे इटालियन समाजाचे चित्रण संतुलित झाले, या मताचे परीक्षण करा.
४. रॉबिन्सन यांनी इटालियन पात्र करणे आणि ओलंड यांनी चिनी पात्र करणे यांत कोणता फरक आहे?
५. आपल्या भाषेतील एक गुन्हेगारी चित्रपट किंवा मालिका निवडा. त्यातील पात्रांची यादी करून चारही प्रश्नांची उत्तरे एका पानात लिहा.